पॅकेट येतंय, मग उत्तर कुठे जातंय?

आधीच सांगते, मी इंजिनीअर नाही. बी.कॉम. झाले, टॅली शिकले आणि सांगलीत विश्रामबागला एका सीएंच्या ऑफिसात लागले. आठ टेबलांचं ऑफिस. प्रिंटर रुसला की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या, आणि अशाच वळता वळता एक दिवस सर्व्हरही माझ्या गळ्यात पडला. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला असेंबल केलेला काळा डबा. त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) आणि क्लायंटच्या फाइली ठेवायला नेक्स्टक्लाउड. या डब्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि जून-जुलै २०२४ चे सहा आठवडे त्यात गेले. त्यातल्या बऱ्याच दिवसांचा दोष माझाच होता. शोधताना मला मराठीत काहीच सापडलं नव्हतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

सुरुवात झाली सरांच्या एका साध्या मागणीने. "३१ जुलैपर्यंत रिटर्नांची गर्दी, मला रात्री घरून फाइली उघडता आल्या पाहिजेत." आमच्या जुन्या ब्रॉडबँडवर हे शक्यच नव्हतं. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला तर तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला तर समजायचं की कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवलीत आणि बाहेरून आपल्या दारापर्यंत कोणी येऊ शकत नाही. तुम्ही असलं काही करायला निघाला असाल तर आधी एवढं बघा. मी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचे क्रमांकाचे दरवाजे) उघडत दोन संध्याकाळी फुकट घालवल्या.

म्हणून स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) असलेली दुसरी लाइन घ्यायचं ठरलं. १० जूनला अर्ज दिला. सोबत पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, लेटरहेडवर विनंती आणि जागेचा पुरावा म्हणून लाइट बिल. चार दिवसांनी अर्ज परत आला, कारण लाइट बिल जागामालकांच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. मालक काका म्हणाले, "अगं, नाव बदलायचं राहूनच गेलं." मग भाडेकराराची प्रत आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर (तेव्हा शंभराचा चालायचा) काकांचं ना-हरकत पत्र. स्टॅम्प आणि नोटरी मिळून अडीचशे रुपये, आणि काकांच्या वेळा सांभाळत गेलेले तीन दिवस. २४ जूनला लाइन चालू झाली. स्थिर आयपीचे वर्षाचे तीन हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. बिल कोणाच्या नावावर आहे हे पहिल्याच दिवशी तपासलं असतं तर आठवडा वाचला असता.

जुनी लाइन सोडायची नव्हती, ऑफिसातली आठ मशीनं तिच्यावरच राहणार होती. दोन लाइनी सांभाळणारा राउटर घेऊ या असं मी सुचवलं. सरांनी किंमत ऐकली आणि म्हणाले, "आधी कार्ड लावून बघ." इंटेलची चिप असलेलं गिगाबिट कार्ड १,४५० ला मिळालं, केबल १२० ची. बेत साधा होता. जुनं पोर्ट (इथे अर्थ केबलचं भोक) जुन्या राउटरला, पत्ता १९२.१६८.१.१०. नवं कार्ड नव्या राउटरला, पत्ता १९२.१६८.२.१०. नव्या राउटरवर ४४३ पोर्ट (वेबपानांचा सुरक्षित दरवाजा) या दुसऱ्या पत्त्याकडे वळवायचं, की झालं.

६ जुलै, शनिवार. सगळे घरी गेल्यावर डबा उघडला, ब्लोअरने धूळ उडवली, कार्ड खाचेत बसवलं, मशीन चालू केलं. आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब! नवं कार्ड राहिलं बाजूला, जुना पत्ताही पिंगला (मशीनला हाक मारून बघायची आज्ञा) उत्तर देईना. मॉनिटर आणि कीबोर्ड ओढून आणले. 'आयपी लिंक' (कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) दिलं तर दोन नावं दिसली, ईएनपी२एस० आणि ईएनपी३एस०. ईएनपी२एस० हे नाव माझ्या ओळखीचं, इतकी वर्षं तेच होतं. पण त्याच्यासमोर 'नो-कॅरिअर', म्हणजे केबलच नाही. केबल तर माझ्या डोळ्यांसमोर लावलेली!

ही नावं कार्ड कुठल्या पीसीआय बसवर (मदरबोर्डावरचा कार्डं जोडायचा मार्ग) बसलंय त्यावरून पडतात. नवं कार्ड आलं तसे बसचे क्रमांक सरकले. २ नंबर नव्या कार्डाला गेला, बोर्डावरचं जुनं पोर्ट झालं ३. नेटप्लॅनच्या (उबुंटूत नेटवर्कची मांडणी यात लिहितात) फाइलीत मात्र जुना पत्ता ईएनपी२एस० च्याच नावावर होता, म्हणजे तो आपोआप रिकाम्या कार्डाला जाऊन चिकटला. लाइट बिलाचीच तऱ्हा, नाव एकाचं आणि राहतंय दुसरंच.

कुठलं नाव कुठल्या भोकाचं हे ओळखायला 'इथटूल' नावाची आज्ञा आहे. तिला 'वजा पी', कार्डाचं नाव आणि सेकंद दिले की त्या पोर्टाचा दिवा तेवढा वेळ लुकलुकतो. बोर्डावरच्या पोर्टाने 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणून हात वर केले, पण नव्या कार्डाचा दिवा पंधरा सेकंद नीट लुकलुकला. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून ते बघत होते. पर्समधली लाल नेलपॉलिश काढली आणि तिथेच त्या पोर्टाशेजारी ठिपका दिला. नंतर नेटप्लॅनमध्ये नावाऐवजी मॅक पत्त्यावरून (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कार्ड ओळखायला लावलं. आता पुढे आणखी कार्ड आलं तरी गोंधळ नको. घरी जायला साडेदहा झाले.

सोमवारी ८ तारखेला ऑफिस सुरळीत सुरू झालं. नव्या राउटरवर पोर्ट वळवलं, फोनवर स्थिर आयपीचा पत्ता टाकला आणि नेक्स्टक्लाउडचं पान उघडलं. मी सरांना लगेच "झालं" म्हणून सांगून टाकलं. रात्री त्यांचा फोन, "उघडत नाही गं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात परत बघितलं, तर उघडतंय. घरी गेले, तर नाही. दोन दिवस हाच खेळ. मग लक्षात आलं, ऑफिसात पाऊल टाकलं की फोन आपोआप नव्या राउटरचं वायफाय पकडत होता. म्हणजे मी बाहेरून येतेय असं समजून घरातल्या घरातच फिरत होते. चाचणी घ्यायची तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावरच. हे वाक्य मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

आता खरी लढाई. बाहेरून पान उघडत नाही, नुसतं फिरत राहतं आणि शेवटी 'टाइम आउट'. 'एसएस' (कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणारी आज्ञा) लावून बघितलं, सर्व्हर ४४३ वर ऐकतोय. फायरवॉल दहा मिनिटं चक्क बंद करून बघितली (करू नये, पण केली), तरी तेच. मग मला वाटलं नवी लाइनच सदोष असणार. पुरावा हवा म्हणून गूगलच्या ८.८.८.८ ला मुद्दाम नव्या कार्डातून पिंग केलं, पिंगला 'वजा आय' आणि कार्डाचं नाव देऊन. उत्तर आलं, 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. सापडला चोर! त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि १० तारखेला कंपनीकडे तक्रार नोंदवली.

तक्रार बारा तासांत 'सोडवली' म्हणून बंद. दुसरी नोंदवली. ११ ला सायंकाळी एक मुलगा रेनकोटातून निथळत आला, स्वतःचा लॅपटॉप राउटरला लावला, वेगाची चाचणी दाखवली, म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून लाइन ओके आहे." मी स्क्रीनशॉट दाखवला. त्याने खांदे उडवले. मी तिसरी तक्रार नोंदवली, जरा चढ्या सुरातच. १५ तारखेला वरच्या पातळीवर पाठवतो म्हणून चौथा क्रमांक मिळाला. एव्हाना सर रोज पेन ड्राइव्ह घेऊन घरी जायला लागले होते. काही बोलायचे नाहीत, नुसता ड्राइव्ह खिशात टाकताना माझ्याकडे बघायचे. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१७ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले, ऑफिस बंद. मी डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन एकटीच ऑफिसात आले. पुण्यात माझा मामेभाऊ सर्व्हरच्याच कामात आहे, त्याला फोन लावला. सगळी कर्मकहाणी ऐकून घेतली आणि तो म्हणाला, "ताई, लाइन खराब आहे हे तू ठरवलंयस. पॅकेट येतंय का ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. नऊ दिवसांत एकदाही नाही.

त्याने दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायला लावल्या. दोन्हींत टीसीपीडंप (कार्डावर येणारी-जाणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, दाखवणारी आज्ञा), पोर्ट ४४३ साठी. डावीकडे नवं कार्ड, उजवीकडे जुनं. 'वजा एन' द्यायला विसरू नका, नाहीतर ते प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत बसतं आणि ओळी उशिरा उमटतात. फोनचं वायफाय बंद केलं, पान उघडलं.

डावीकडे टपकन एक ओळ उमटली. माझ्या मोबाइलचा बाहेरचा पत्ता, बाण, १९२.१६८.२.१० चं ४४३, आणि कंसात 'एस'. हे म्हणजे 'सिन', जोडणीची पहिली हाक. एका सेकंदाने तीच ओळ पुन्हा. मग दोन सेकंदांनी. मग चार. दारावरचा माणूस थापांमधलं अंतर वाढवत नेतो तसं. उजवी खिडकी कोरी. उत्तराची ओळ कुठेच नाही.

म्हणजे लाइन उत्तम होती, राउटर पोर्टही नीट वळवत होता. रेनकोटातला मुलगा बरोबर होता. पॅकेट माझ्या डब्यापर्यंत येत होतं आणि माझाच डबा ते गिळत होता.

आणि तो स्क्रीनशॉट? भावाने तेच पिंग पुन्हा द्यायला सांगितलं, या वेळी टीसीपीडंपमध्ये एआरपी (एकाच जाळ्यावर 'हा पत्ता कोणाकडे आहे' म्हणून मारलेली हाक) बघत. ओळ आली, ८.८.८.८ कोणाकडे आहे, १९२.१६८.२.१० ला सांगा. लिनक्सकडे नव्या कार्डातून बाहेर जायचा रस्ताच नोंदवलेला नव्हता, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा नेहमीचा दरवाजा) फक्त जुन्या कार्डावर. मी मात्र 'याच कार्डातून जा' म्हणून हट्ट धरलेला. मग लिनक्सने मानून घेतलं की ८.८.८.८ याच केबलवर शेजारी कुठेतरी असणार, आणि ते ऑफिसातल्या ऑफिसात गूगलच्या सर्व्हरला हाका मारत बसलं. शेजारी तो नव्हता, म्हणून 'अनरीचेबल'. या पुराव्यावर मी चार तक्रारी केल्या होत्या. भाऊ हसला नाही हे त्याचे उपकार.

पॅकेट गिळतं कोण, हे शोधायला त्याने 'एनस्टॅट' (नेटवर्कची मोजदाद दाखवणारी आज्ञा) 'वजा ए' लावून द्यायला लावलं आणि त्या लांबलचक यादीत 'आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर' हा आकडा बघायला सांगितला. २१४. फोनवरून पान ताजं केलं, पुन्हा बघितला, २१९. दर हाकेला एक बळी. हा फिल्टर करतो काय, तर आलेल्या पॅकेटचा पाठवणारा बघतो आणि विचारतो, याला उत्तर द्यायचं झालं तर मी कुठल्या कार्डातून पाठवीन? ज्यातून पॅकेट आलं तेच असेल तर ठीक, नसेल तर पॅकेट खोट्या पत्त्याचं समजून टाकून देतो, आणि पाठवणाऱ्याला काही कळवतही नाही. टीसीपीडंप या तपासणीच्या अलीकडे उभं असतं, म्हणून तिथे पॅकेट दिसतं आणि पुढे मात्र पोचत नाही. हे माहीत नसेल तर माणूस वेडा होईल.

हा फिल्टर कडक कोणी केला? मीच. २०२२ मध्ये 'सर्व्हर सुरक्षित करा' छापाची एक यादी सापडली होती, त्यातल्या ओळी न वाचता सिसक्टलच्या (लिनक्सची आतली सेटिंगं) फाइलीत चिकटवल्या होत्या. त्यात 'ऑल' साठी, म्हणजे सगळ्या कार्डांसाठी, आरपी फिल्टर (हाच तो) १, म्हणजे कडक. एकच कार्ड होतं तोवर त्याने कधी त्रास दिला नाही.

मी लगेच नव्या कार्डासाठी तो ० केला. फरक शून्य. पुन्हा पुन्हा केलं, अर्धा तास गेला, खिचडी गार झाली. भाऊ मधे जेवायला गेला होता, परत आल्यावर म्हणाला, "अगं, 'ऑल' आणि कार्ड, दोन्हींतला मोठा आकडा लागू होतो. 'ऑल' मध्ये १ असताना तू इथे ० लिहून काय उपयोग? २ लिही." २ म्हणजे सैल तपासणी, पाठवणारा कुठल्याही कार्डातून गाठता येत असला तरी पॅकेट आत घेतात. मी २ लिहिलं, पान ताजं केलं.

आणि उजवी खिडकी हलली! सव्वादोन तास कोरी असलेली खिडकी. त्यात १९२.१६८.२.१० कडून माझ्या मोबाइलकडे 'एस टिंब', म्हणजे 'सिन-ॲक', सर्व्हरचं उत्तर. पण उजवीकडे! हाक नव्या कार्डातून आली आणि उत्तर जुन्या कार्डातून, जुन्या राउटरकडे चाललेलं. त्या राउटरला ना हा १९२.१६८.२ चा पत्ता ओळखीचा, ना ही जोडणी. तो ते उत्तर केरात टाकत होता, आणि माझा फोन तिकडे वाट बघत बसला होता. मला काय वाटलं सांगू, पान अजून उघडलं नव्हतं तरी मी खुर्चीत टेकून मोठ्याने "अच्छाऽऽ" म्हटलं. रिकाम्या ऑफिसात ते जरा विचित्रच वाटलं.

दोन डिफॉल्ट गेटवे लिहून हे सुटत नाही. मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम) ज्याचं लहान तोच जिंकतो, सगळं त्यातूनच जातं. लिनक्स नेहमी 'जायचं कुठे' ते बघून रस्ता ठरवतं, 'माझ्या कुठल्या पत्त्यावरून निघालंय' ते बघत नाही. ते बघायला लावायचं तर वेगळा तक्ता (रस्त्यांची यादी) आणि वेगळा नियम लागतो. नुसतं 'आयपी रूल' दिलं तर तीन ओळी दिसतात, क्रमांक ०, ३२७६६ आणि ३२७६७, म्हणजे लोकल, मेन आणि डिफॉल्ट हे तक्ते. आम्ही १०२ नावाचा नवा तक्ता केला. त्यात दोनच रस्ते, १९२.१६८.२ चं स्वतःचं जाळं थेट नव्या कार्डावर आणि बाकी सगळं १९२.१६८.२.१ या नव्या राउटरकडे. मग नियम, '१९२.१६८.२.१० कडून निघालेलं सगळं तक्ता १०२ बघून पाठव'. त्याला आपोआप ३२७६५ क्रमांक मिळाला, म्हणजे मेन तक्त्याच्या एक पायरी आधी.

खात्री करायला 'आयपी राउट गेट' फार कामाचं. १.१.१.१ ला जायचं आणि निघायचं १९२.१६८.२.१० वरून असं विचारलं की कुठल्या कार्डातून जाणार ते सांगतं, प्रत्यक्षात पॅकेट न पाठवता. आधी ईएनपी३एस० सांगत होतं, आता ईएनपी२एस०. कार्ड बसवलं त्याच रात्री हे एकदा विचारलं असतं तर हा लेख चार ओळींत संपला असता.

पान ताजं केलं. डाव्या खिडकीत 'एस', लगेच खाली 'एस टिंब', आणि मग ओळींचा धबधबा. फोनवर नेक्स्टक्लाउडची निळी खिडकी. दुपारचे पावणेतीन. गार खिचडी त्याच खुर्चीत खाल्ली.

हे सगळं मशीन बंद होईपर्यंतच टिकतं, म्हणून तेच नेटप्लॅनमध्ये लिहिलं. तिथे 'अप्लाय' च्या ऐवजी 'ट्राय' वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं. माझ्या फाइलीत एका ओळीला दोन जागा कमी पडल्या होत्या, तेवढ्यावरून तीनदा अडलं. पुन्हा चालू करून सगळं जागेवर आहे ना ते बघितलं. कुतूहल म्हणून आरपी फिल्टर परत १ वर नेला, तरी पान उघडलं. कारण आता उत्तराचा रस्ताही त्याच कार्डातून होता, फिल्टरला तक्रारीला जागाच उरली नाही. तो १ वरच ठेवलाय.

खर्च जोडला तर ३,५४० अधिक १,४५० अधिक १२० अधिक २५०, एकूण ५,३६०. लाइनचं महिन्याचं भाडं वेगळं. मामेभावाला भडंग पाठवलं, ते हिशेबात धरलेलं नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला, सगळ्यांच्या फोनवर आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे मेसेज फिरायला लागले आणि सर दोन दिवस घरूनच काम करत होते. पेन ड्राइव्ह ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच होता. त्यातच ३० तारखेला दुपारी मला लाइनवाल्या कंपनीकडून रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन आला. चौथी तक्रार अजून उघडीच होती. तुमच्या तक्रारीचं निवारण झालं असल्यास १ दाबा, झालं नसल्यास २ दाबा. मी इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप १ दाबला.